ताठ मान

शिनोबूच्या दुकानात शान म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे उदोनच्या जाड शेवया कापायचा ओकचा पाट. त्या सकाळी तिचा माणूस गेन्पेई आला तो कुणाकडे न बघता थेट चुलीपाशी गेला. पाट उचलला, ओल्या फडक्याने पुसला, मागच्या खोलीत नेऊन चटईवर ठेवला आणि त्याच्यापुढे गुडघे मोडून बसला. मग डाव्या करंगळीला सुतळी आवळायला लागला, तेव्हा शिनोबूला कळलं, हा बोट कापणार.

"थोरल्यांनी सांगितलं?" तिने विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली.

"तोमे जिवंत आहे ना?"

पुन्हा मान.

"अहो, तोंड उघडून सांगा की! भाऊ आहे तो माझा!"

"आहे," गेन्पेई म्हणाला. "दुपारपर्यंत."

तोमेकिची हा शिनोबूचा धाकटा भाऊ, नुकती विशी ओलांडलेला. मोजी बंदरात कोळशाच्या बोटींवर हमाल पुरवणारी दोन घराणी होती, शिरानुमा आणि ओत्सुबो. हमाल पुरवायचे हे म्हणायचं एवढंच. धक्क्यावर दुसऱ्याचा माणूस दिसला की त्याचं नाक फोडायचं, हाही त्याच धंद्याचा भाग. तोमे शिरानुमांचा. एका पेल्यातली साके दारू पिऊन गेन्पेईचा मानलेला धाकटा भाऊ झालेला, म्हणजे त्याने काही दिवे लावले की निस्तरायचे गेन्पेईने.

आणि दिवे त्याने लावलेच होते. परवा थेटरातून तो सिनेमा बघून बाहेर पडला. दारू कमी आणि सिनेमा जास्त चढलेला. हात किमोनोच्या बाह्यांत खुपसून, डोळे बारीक करून, पडद्यावरच्या त्या अबोल दादासारखा चालत होता. ओत्सुबोंचा पुतण्या रोकुरो समोरून आला आणि हसला. "काय रे, पोट दुखतंय का? असा काय चालतोयस?" एवढंच म्हणाला बिचारा. तोमेने पोती ओढायचा आकडा काढला आणि त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. दुसऱ्या दिवशी ओत्सुबोंच्या माणसांनी तोमेला हमामातून नागडं उचलून नेलं. निरोप आला की मोठ्या भावाने दुपारच्या आत स्वतःची करंगळी कापून घेऊन यावं आणि माफी मागावी. नाहीतर पोरगा नांगराची साखळी गळ्यात घालून सामुद्रधुनीत जाईल.

आमच्या बंदराच्या हिशेबाने निरोप अगदी रास्त होता. ओत्सुबोंनी पोराला आधीच बुडवलं असतं तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती.

गेन्पेई सुतळी बांधत असतानाच शिरानुमांचे थोरले, घराण्याचे प्रमुख, स्वतः दुकानात आले. छातीचं दुखणं असलेला वाळका म्हातारा, धापा टाकत पायरीवर टेकला आणि त्याने शिनोबूला जवळ बोलावलं.

"पोरी, तू याच्याबरोबर जा."

"मी? पुरुषांच्या बैठकीत?"

"तुझा बाप या धक्क्यावर मुकादम होता. तुला कोण अडवतंय! हे बघ, नुसतं बोट पुढे टाकून भागत नाही. कपाळ चटईला टेकवायचं आणि ती ओळ म्हणायची. धाकट्याचा गुन्हा तो माझा गुन्हा, एवढं पदरात घ्या. ही ओळ नसेल तर ते बोट म्हणजे तोंडावर फेकलेलं हाड. समोरच्याचा अपमान." म्हातारा खोकला. "आणि हा पडला घुमा. नाही बोलला, तर मागून बाही ओढ याची. तेवढ्यासाठीच तुला पाठवतोय."

घुमा हा शब्द म्हाताऱ्याने बऱ्याच दिवसांनी वापरला होता. पूर्वी अख्खं बंदर गेन्पेईला घुमाच म्हणायचं. बोलायला गेलं की शब्द घशात अडकायचे, कान लाल व्हायचे, मग तो गप्पच बसायचा. बायका म्हणायच्या, याच्याशी लग्न करण्यापेक्षा खांबाशी केलेलं बरं. मग ते सिनेमे आले. त्यात एक अबोल, ताठ मानेचा दादा असायचा. तो सगळं सोसायचा, कुणाला काही समजावून सांगायचा नाही, आणि शेवटी एकटाच शत्रूच्या घरात शिरायचा. आमच्या बंदराने तो पाहिला आणि मग गेन्पेईकडे पाहिलं, आणि काय चमत्कार, तोच घुमेपणा एकदम करारीपणा झाला! हमाल त्याला वाट द्यायला लागले. पोरं त्याच्या पेल्यात साके ओतायला पुढे पुढे करायला लागली. तोमे तर त्याच्यासारखं तोंड करायचा सराव आरशासमोर करायचा. आणि शिनोबू? खोटं कशाला बोला, शिनोबूही त्याच सुमारास त्याच्या प्रेमात पडली होती. तो काही बोलत नाही म्हणजे आत काहीतरी मोठं दडलंय, असं तिला वाटायचं. खरं म्हणजे आत बऱ्याचदा नुसता लाजरेपणा असायचा. पण लोकांनी एकदा कौतुक सुरू केलं की लाजऱ्या माणसालाही स्वतःबद्दल गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

म्हातारा गेला. गेन्पेईने सुरीचं टोक पाटात रोवलं, धार करंगळीच्या पेरावर आणली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कच्चं गाजर कापल्यासारखा आवाज झाला. रक्त पाटावरून चटईवर, चटईवरून शिनोबूच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्याची पाठ घामाने निथळली, जबडा थरथरला, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. शिनोबूने जखमेवर फडकी गुंडाळली. तो तुटका तुकडा तिनेच पांढऱ्या कापडात बांधला, कारण त्याचा हात थरथरत होता आणि ते कुणी पाहू नये असं तिला वाटलं.

वाटेत सगळं बंदर बघायला उभं होतं. केळीवाल्याने ओरडून लिलाव चालवला होता, तो थांबला आणि त्याने डोक्यावरचं फडकं काढलं. गेन्पेई पांढरा पडला होता, पण चालत होता सरळ. मागून दोन पावलांवर शिनोबू. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तोमेला घरी आणायचं. घरी आणून आधी पोटभर खायला घालायचं आणि मग कानफटात द्यायची.

ओत्सुबोंच्या बैठकीत दोन्ही भिंतींना पोरं बसली होती. ओत्सुबो स्वतः लठ्ठ, संधिवाताने सुजलेला पाय उशीवर ठेवून बसलेले. त्यांच्या बाजूला रोकुरो, गालाला काळ्या दोऱ्याचे टाके, तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं.

"ये बाबा, बस," ओत्सुबो म्हणाले. "पाय ठणकतोय माझा, उठता येत नाही. लवकर आटपू."

तोमेला आणलं. हात मागे बांधलेले, एक डोळा बंद, समोरचे दात गेलेले, अंगावर कुणाचा तरी फाटका किमोनो. त्याने शिनोबूला पाहिलं आणि ओठ फाकवले.

"ताई, उदोन आणलंस का गं? इथलं जेवण अगदीच पुचाट आहे."

"गप्प बस, मेल्या," शिनोबू म्हणाली. तिला रडू आलं आणि हसूही.

गेन्पेईने पांढरं पुडकं पुढे सरकवलं. ओत्सुबोंनी ते उघडून पाहिलं.

"कापलंय झकास. एका घावात ना? शाबास. आता ती ओळ म्हण."

गेन्पेई बसून राहिला, पाठ सरळ, नजर ओत्सुबोंच्या डोळ्यांत.

"घसा बसला का रे? पाणी द्या रे याला."

एरवी अशा वेळी पोरं खिदळली असती. कुणी हसलं नाही. सगळे गेन्पेईकडे बघत होते. त्यांनीही तेच सिनेमे त्याच थेटरात पाहिले होते, कदाचित तोमेच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. आणि आता तोच माणूस त्यांच्या समोर बसला होता, खरंखुरं रक्त फडक्यातून चटईवर ठिबकत. त्यांचे डोळे शत्रूचे राहिलेच नव्हते. एका पोराने तर नकळत स्वतःची पाठ ताठ केली.

"अरे बाबा, मी काय जगावेगळं मागतोय?" ओत्सुबो काकुळतीला आले. "शाळेत मास्तरांपुढे टेकवत होतास ना कपाळ, तसं टेकव. ओळ म्हण. हे कार्टं घेऊन जा. तुझ्या थोरल्यांशी बोलणं झालंय माझं. मलाही जेवायचंय."

बाही शिनोबूच्या हाताच्या अंतरावर होती. ओढायची, एवढंच तिचं काम. ती त्याच्या पाठीमागे बसली होती, तिला त्याची मान दिसत होती. तिथली शीर उडत होती. समोरून बघणाऱ्याला तो दगड वाटला असेल, पण तिला कळत होतं की शब्द त्याच्या घशात अडकलेत, आणि आपण गप्प बसल्यामुळे सगळे भारावलेत हेही त्याला जाणवतंय. तिने हात पुढे करायला हवा होता. पण खरं ते सांगायलाच हवं. त्या क्षणी ती त्या मानेकडे बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, काय दिसतोय हा! हा माझा आहे! भाऊ समोर रक्तबंबाळ बसलाय, आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हात मांडीवरून उठलाच नाही.

मग गेन्पेईचा खांदा हलला. अगदी बोटभर खाली आला. तो वाकायला लागला होता. शिनोबू पुढे आयुष्यभर शपथेवर सांगायची, तो वाकायला लागला होता.

आणि तोमे ओरडला, "दादा, वाकू नका! या हलकटांपुढे वाकू नका! मी मरायला तयार आहे!"

भिंतीला बसलेल्या पोरांनी श्वास रोखला. गेन्पेईचा खांदा पुन्हा वर गेला.

"कुणीतरी याचं थोबाड बंद करा," ओत्सुबो वैतागून म्हणाले. त्यांच्या मनात तेवढंच होतं.

पण रोकुरो आपल्या दोस्तांचे चेहरे बघत होता. गाल फाटला होता त्याचा, भोगत होता तो, आणि त्याचेच दोस्त डोळे भरून बघत होते त्या दुसऱ्याकडे. त्याने कंबरेचा खंजीर उपसला, तोमेचे केस धरून मान मागे खेचली आणि पातं बरगड्यांच्या खाली मुठीपर्यंत घातलं.

"आता वाक की, साल्या!" तो गेन्पेईवर ओरडला. फाटक्या ओठातून शब्दांबरोबर थुंकी आणि रक्त उडालं.

"अरे गाढवा! काय केलंस हे!" ओत्सुबो किंचाळले.

तोमे चटईवर मटकन बसला. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. शिनोबू गुडघ्यांवर सरपटत त्याच्यापाशी गेली, तिने दोन्ही हातांनी जखम दाबली, तरी बोटांमधून गरम रक्त येतच राहिलं.

"ताई," तो म्हणाला, "दुखतंय गं. फार दुखतंय. हे काढ ना."

मरायला तयार असलेला पोरगा लहान मुलासारखा रडायला लागला. पडद्यावर असं कुणी रडत नाही.

पुढचं तिला सलग आठवत नाही. गेन्पेई उठला होता. रोकुरोने खंजीर काढायला खेचला तो गेन्पेईने त्याच्या मनगटासकट धरला, वळवला आणि त्याच्याच गळ्यात घातला. फवारा कागदी दारावर उडाला. कुणीतरी तलवार घेऊन धावला, तो गेन्पेईच्या खांद्यावर वार करून स्वतः पोट धरून खाली बसला. ओत्सुबो सुजलेला पाय ओढत दाराकडे रांगत होते, "मी नाही सांगितलं, मी नाही सांगितलं रे," असं म्हणत होते, आणि ते खरंच होतं. गेन्पेईने त्यांना मागून भोसकलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. ओत्सुबोंचा पाय किती तरी वेळ चटईवर आपटत राहिला. या सगळ्यात शिनोबू एकच करत होती, तोमेच्या कानाशी बोलत होती. घरी जाऊ, उदोन करते, वर अंडं फोडून घालते. कधीतरी तिच्या लक्षात आलं की तो ऐकत नाहीये.

पोरं पळाली होती. एक मात्र कोपऱ्यात उरला होता. गेन्पेईने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्या पोराने चटईला कपाळ टेकवलं. भीतीने नाही, भक्तीने.

बाहेर पोलीस आले होते. गेन्पेईने खंजीर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. रस्त्यात जमलेल्या लोकांनी त्याला वाकून नमस्कार केला. मासळीवाली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "असा पुरुष पुन्हा होणे नाही." शिनोबू तिच्या शेजारून गेली, बाह्यांपासून पायापर्यंत लाल. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

कोर्टातही तो काही बोलला नाही. वर्तमानपत्रांनी त्याचं केवढं कौतुक केलं! लांबलचक शिक्षा झाली. शिनोबू एकदा तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडे तो ताठ बसला होता. पहारेकरीसुद्धा त्याच्याशी अदबीने वागत होता.

"काहीतरी बोला," ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. ओठ हलले. पण पहारेकरी बघत होता, आणि तो गप्पच राहिला. ती पुन्हा गेली नाही.

दुकानात मात्र गर्दी वाढली. लांबलांबून लोक यायचे आणि शेवया खाता खाता हळूच विचारायचे, "तो पाट कुठे आहे हो?" तिने तो केव्हाच चुलीत घातला होता. मग एक दिवस क्योटोहून सिनेमावाला आला, मऊ टोपी घातलेला, बोलायला गोड. त्याला गोष्ट हवी होती. तिने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आपला हात उठला नाही तेही सांगितलं.

"तो वाकायला लागला होता," ती म्हणाली. "खांदा खाली आला होता त्याचा. आणि माझा भाऊ रडला. एवढं दाखवाल ना?"

सिनेमावाल्याने वाडग्यातला रस्सा संपवला.

"बाई, तुमचं दुःख मला समजतं. पण वाकला तर तिकीट कोण काढणार?"

सिनेमा आमच्या बंदरात लागला तेव्हा थेटराबाहेर रांग धक्क्यापर्यंत गेली. शिनोबूने दुकान बंद केलं आणि दुपारच्या खेळाला एकटीच जाऊन बसली. नावं बदललेली होती. ओत्सुबोंच्या जागी मिशीवाला, काटकुळा, दुष्ट माणूस होता, पाय अगदी ठणठणीत. बहीण गोरीपान, रडतानाही पावडर न पुसली जाणारी. बैठक तर एवढी मोठी होती की खऱ्या बैठकीसारख्या चार त्यात मावल्या असत्या. पण मान तीच होती. नटाने ती कुठून शिकून घेतली कोण जाणे, सरळ, स्थिर, केसांच्या खाली ती एकच शीर उडणारी.

"माफी माग!" पडद्यावरचा दुष्ट ओरडला.

"वाकू नकोस!" थेटरातून कुणीतरी ओरडलं. मग दुसरा. मग अख्खं थेटर. ज्यांनी तोमेची तिरडी उचलली होती ते हमाल, केळीवाला, मासळीवाली म्हातारी, सगळे एका आवाजात, "वाकू नकोस, दादा! वाकू नकोस!"

आणि शिनोबूच्या छातीत पुन्हा तेच भरून आलं. सगळं माहीत असून, सगळं भोगून, पुन्हा तेच. काय दिसतोय हा! तिला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून उभी राहिली.

"वाक!" ती ओरडली. "अरे वाक ना, मेल्या! पोरगं मरतंय, वाक! एकदा वाक!"

तिचा आवाज फाटला. तरी ती ओरडत राहिली, हात पुढे करून, जणू तिथून पडद्यापर्यंत बाही पकडता आली असती. आजूबाजूचे लोक चुकचुकले. पडद्यावर खंजीर निघाला.

"ए बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "खाली बस की. डोकं मध्ये येतंय तुझं."